क्षला मिशी फुटली

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगांनी. पूर्वी मी हे डोळे झाकून लिहायचो. आता एकेक अंग मोजून लिहितो, कारण हल्ली माझा धंदाच तो झाला आहे. कसा झाला ते खाली येतंच.) तुझी तब्येत कशी आहे? रात्रपाळी संपवून आल्यावर झोपायचं सोडून कपाटं आवरत बसायची तुझी खोड अजून असेल तर ती मोड. धडा दुसरा, 'झोप आणि विश्रांती', यात त्याला सक्त मनाई आहे. भावोजींची कंबर काय म्हणते? त्यांना सांग, खुर्चीत काटकोनात बसा. गेल्या भेटीत मी त्यांचा कोन पाहिला, तो चांगलाच विशाल होता. भाचीला अनेक आशीर्वाद, आणि दात मागच्या बाजूनेही घासायचे असतात हे तिला माझ्या नावाने कळव. तुझ्या प्रसूतिविभागातल्या सगळ्या परिचारिकांना हात जोडून नमस्कार. तुम्ही मंडळी तिथे नेमकं काय करता ते मला सहावा धडा वाचल्यावर कळलं, आणि तेव्हापासून मी तो धडा बसूनच वाचतो.

तर झालं असं, की आमच्या शाळेत यंदा सातवीला 'आरोग्य आणि मानवी विकास' असा नवाकोरा विषय आला. तो शिकवणार होत्या विज्ञानाच्या बाई. पण ऐन वेळी त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणजे सहाव्या धड्याचं प्रात्यक्षिक करायलाच निघून गेल्या म्हण ना. आता विषय कोणाच्या गळ्यात मारायचा? मोठ्या बाईंनी (आमच्या मुख्याध्यापिका, उंचीने पाचवीतल्या पोरांएवढ्या, पण त्या व्हरांड्यात आल्या की पंखेसुद्धा हळू फिरतात) वेळापत्रकावर बोट फिरवलं आणि ते बोट नेमकं माझ्या रिकाम्या तासावर येऊन थांबलं. मी म्हटलं, बाई, मी भूमितीचा माणूस, शिवाय अविवाहित. त्या म्हणाल्या, उत्तम, म्हणजे तुमचा कोणताही पूर्वग्रह नसेल. (माझे पाय लांब आणि चाल ताठ म्हणून मुलं मला 'कंपास' म्हणतात हे तुला ठाऊक आहेच. त्या दिवशी मात्र माझे दोन्ही पाय एकमेकांना चिकटले होते.)

यात आणखी एक मेख होती. विषय नवा म्हणून वेळापत्रकात तो पेन्सिलीने लिहिला होता. पालकसभेपर्यंत बघू, मोठ्या बाई म्हणाल्या. एक जरी लेखी तक्रार आली तरी तो तास सुलेखनाला. आणि आमचे सुलेखन सर (अत्यंत कमी बोलणारा माणूस, सगळं चिठ्ठीवर लिहून देतो, तेही दोन शाईंत) या तासावर कधीपासून डोळा ठेवून आहेत. मी शिक्षकांच्या खोलीत गेलो की ते खिशातून खोडरबर काढून शांतपणे फुंकर मारून स्वच्छ करायचे. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला वाटायचं, न्या बाबा एकदाचा, मी स्वतः खोडून देतो.

पहिले काही आठवडे मी हात धुवायला शिकवलं. हा धडा पहिला, निरुपद्रवी आणि साबणाचा. तळहात, बोटांच्या खाचा, नखं, मनगट, पुन्हा तळहात. आमच्या सातवीचे हात इतके स्वच्छ झाले की शाळेचा साबण संपला आणि शिपाई माझ्याशी बोलायचा बंद झाला. मग मी झोप शिकवली, तर निम्मा वर्ग झोपला. (तो तास माझा आजवरचा सर्वांत यशस्वी तास.) मग आहार, मग बसण्याची ढब, मग पुन्हा एकदा हात. या सगळ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी दर तासाला उभी राहायची. तिचं प्रत्येक वाक्य 'पण सर' ने सुरू होतं म्हणून मी तिला मनातल्या मनात 'पणसर' म्हणतो. पण सर, नखं का वाढतात? पण सर, मग कापल्यावर दुखत का नाही? आणि तासाच्या शेवटी ठरलेला प्रश्न, पण सर, चौथा धडा कधी? चौथा धडा म्हणजे 'वाढीचं वय'. मी म्हणायचो, हात धुतलेस का? ती दोन्ही हात वर करून दाखवायची. मी म्हणायचो, पुन्हा धू.

आणि मग एके दिवशी पणसर आली नाही. तीन-चार दिवस आली नाही, आणि आली ती थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली, खांदे पाडून, दप्तर पोटाशी घट्ट धरून. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं, की माणसाला बत्तीस बरगड्या असतात. सगळा वर्ग ओरडला, ती गप्प. ताई, मला काही कळत नाही असं नाही. तुझा भाऊ आहे मी. ज्या मुलीला महिनाभर चौथा धडा हवा होता, तिला तो पुस्तकाची वाट न बघता एकटीलाच गाठून गेला होता, आणि मी आपला साबण वाटत बसलो होतो. फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून मात्र मी ठरवलं, हा तास सुलेखनाला द्यायचा नाही, मग भले मला तो फळ्याकडे तोंड करून घ्यावा लागला तरी चालेल.

आणि तो मी फळ्याकडे तोंड करूनच घेतला. आपली हत्यारं घेऊन गेलो: मोठा लाकडी कंपास, गुण्या आणि खडू. परकाराने डोकं काढलं, गुण्याने खांदे काढले, आणि म्हटलं, समजा, क्ष हा एक मुलगा आहे. क्षचं वय बारा ते सोळाच्या दरम्यान. पक्ष: क्षच्या ओठावर लव दिसते, आवाज फाटतो, पायजमे आखूड होतात. सिद्ध करा: क्षला काहीही झालेलं नाही. ताई, मी तुला काय सांगू, वर्ग नुसता तुटून पडला! ज्या पोरांना त्रिकोणाचे तीन कोन माझ्यासमोर धड मोजता येत नाहीत त्यांनी क्षच्या मुरुमांची सिद्धता तीन पद्धतींनी दिली. क्ष इतका लोकप्रिय झाला की मधल्या सुट्टीत त्याला कोणीतरी मिशी काढली, डबा काढला, शेवटी चष्माही. मग मी य ही मुलगी घेतली. य अचानक उंच होते, क्षच्या पुढे जाते, यात तिचा काही दोष नाही, इतपत ठीक चाललं. पुढचं पान आलं तेव्हा मी दोन पानं एकदम उलटली. (पानं चिकटली होती असं मी वर्गाला सांगितलं. चिकटली नव्हती.) एवढ्यात एका कार्ट्याने विचारलं, सर, क्ष आणि य यांचं पुढे लग्न होतं का? मी घाईघाईने म्हटलं, नाही, त्या समांतर रेषा आहेत, कधीच भेटत नाहीत. त्यावर तो म्हणाला, मग सहावा धडा कसा येतो? मी घंटा व्हायच्या आधीच वर्गाबाहेर पडलो.

इथवर सगळं चार भिंतींच्या आत होतं. गावभर बोभाटा झाला तो गृहपाठाने. मी सांगितलं, घरातल्या मोठ्यांना तीन प्रश्न विचारा. एक, तुम्ही एकदम उंच कधी झालात? दोन, आवाज आणि चेहरा कधी बदलला? तीन, हे असं होणार आहे हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं? आणि उत्तरांचा आलेख काढा. इथेच थांबायला हवं होतं. पण भूमिती हाडात भिनलेली! मी सवयीने पुढचं वाक्य बोलून गेलो, की लक्षात ठेवा, बिंदू जितके जास्त तितकी रेषा अचूक.

झालं. पोरांनी बिंदू गोळा करायला जी सुरुवात केली म्हणतेस! न्हाव्याच्या मुलीने दुकानात ठाण मांडलं आणि बापाने गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा लावला की नेमक्या त्या क्षणी ती विचारायची, काका, मिशी कधी फुटली? (नाही म्हणायची सोय नाही, मान हलवायचीही नाही.) एकाने टपालकचेरीतली अख्खी रांग विचारून काढली, तिकिटं विकणाऱ्या बाईंसकट. दवाखान्याबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांचं तर दुखणंच पळालं. ते आपापल्या मुरुमांच्या आठवणींत इतके रंगले की आत नंबर आला तरी उठेनात. एका आजोबांनी, आवाज फुटण्याआधी मी कसा गायचो, ते गाऊनच दाखवलं, आणि मग फुटल्यानंतरचंही. मोठ्या बाईंची नात आमच्याच वर्गात आहे. तिने जेवताना आजीला पहिला प्रश्न विचारला. मोठ्या बाई म्हणाल्या, मी जन्मापासून एवढीच होते. नातीने ते तसंच उतरवून घेतलं आणि आलेखावर एक आडवी रेघ मारली. ती वही तपासताना माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना कर. बरोबर खूण करावी तर पंचाईत, चूक खूण करावी तर नोकरी.

अशी पालकसभा आली. सभा सातवीच्याच वर्गात. मोठी माणसं पोरांच्या बाकांत बसलेली, गुडघे हनुवटीला. मोठ्या बाईंसमोर तक्रारींची ही चळत. सुलेखन सर खोडरबर हातात घेऊन वेळापत्रकाखालीच उभे. माझ्या पाचावर धारण बसली. पहिली तक्रार बेकरीवाल्यांची. मोठ्या बाईंनी चष्मा लावून खणखणीत आवाजात वाचली: माझ्या मुलाने काढलेल्या आलेखात माझी मिशी पाच वर्षं उशिरा दाखवली आहे, तरी ती त्वरित अलीकडे घेण्यात यावी. मग बेकरीवाले उठून म्हणाले, की ऐन चौदाव्या वर्षी मला भरघोस मिशी होती. शेजारी त्यांची आई बसली होती. ती म्हणाली, "चौदाव्या वर्षी भट्टीची काजळी होती ती. मीच पुसायचे."

पुढे काय झालं ते नीट क्रमवार सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बोलायला लागले. एका बाईंचं म्हणणं, नवऱ्याने उंचीत हातचलाखी केलीय. एका गृहस्थाचं म्हणणं, माझा आवाज फुटलाच नाही (हे ते इतक्या किनऱ्या आवाजात म्हणाले की कोणी वाद घातला नाही). दोन सख्खे भाऊ आधी कोण वाढलं यावरून तिथल्या तिथे पाठीला पाठ लावून उभे राहिले आणि तिसऱ्याने माझा गुण्या डोक्यावर ठेवून माप घेतलं. मी फळ्याला टेकून उभा. हसू आवरायला मी ओठ चावत होतो, पण माझा पडलेला चेहरा बघून लोकांना वाटलं, मास्तर खचले. एकाही तक्रारीत विषय बंद करा असं नव्हतं, दुरुस्ती करा असं होतं! पण नियम तो नियम. लेखी तक्रार म्हणजे लेखी तक्रार. सुलेखन सरांनी टाचा उंचावल्या आणि खोडरबर कागदाला टेकवला.

तेवढ्यात बेकरीवाल्यांची आई पुन्हा उठली. म्हणाली, मिशीचं जाऊ दे, तिसऱ्या प्रश्नाचं काय? माझ्या नातवाच्या वहीत त्याच्या बापाच्या नावापुढे तिथे काहीच नाही. खरंच आहे, मी नाही सांगितलं याला कधी. मला तरी कोणी सांगितलं होतं? मी तर दोन दिवस गोठ्यामागे बसून होते, वाटलं, आपण आता मरणार. एवढं बोलून ती खाली बसली. मोठ्या बाई उठल्या आणि त्यांनी पोरांना विचारतात तसं विचारलं, की ज्यांना ज्यांना घरच्यांनी आधी सांगितलं होतं त्यांनी हात वर करा. बाकांमधून एकही हात नाही. आणि मोठ्या बाईंचाही नाही. तेव्हा कागदाला टेकलेला खोडरबर खाली आला आणि सुलेखन सर बोलले. होय, तोंडाने! म्हणाले, माझा आवाज फाटला तेव्हा मला वाटलं, आपण खोटं बोललो त्याची ही शिक्षा. मी वर्षभर बोललोच नाही, सगळं लिहून सांगायचो. अक्षर तेव्हापासूनच सुधारलं. (आधी एक जण हसला, मग सगळे, मग स्वतः सर. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. चांगलं खर्जातलं आहे.)

आणि मग मोठ्या बाईंची नजर माझ्याकडे वळली, कारण त्या अख्ख्या वर्गात एकच हात वर होता, आणि तो फळ्यापाशी होता, माझा. मी तो कधी वर केला मलाच कळलं नाही. मग सांगावंच लागलं. प्रार्थनेत माझा आवाज कसा कोंबड्यासारखा फाटला, मला घशाचा असाध्य रोग झालाय अशी माझी खात्री कशी पटली, मी मृत्युपत्र करून माझी कंपासपेटी तुझ्या नावावर कशी केली, आणि तू तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होतीस, तू ते वाचून हसली नाहीस. (नंतर हसलीस, आजतागायत हसतेस, ते मी सभेत सांगितलं नाही.) तू मला गच्चीवर नेलंस, ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलंस, आणि चादर पिळता पिळता सगळं सांगितलंस. मुलांचं, मुलींचं, सगळं. आवाज न बदलता. पिळायची चादर होती म्हणून तुझ्याकडे बघावं लागलं नाही आणि पळूनही जाता आलं नाही. मी सभेला म्हटलं, मला जे काही शिकवता येतं ते तेवढंच आहे, फक्त माझ्याकडे चादर नाही म्हणून मी कंपास धरतो.

निकाल असा लागला, की येत्या शनिवारी चौथ्या धड्यातलं राहिलेलं पान आणि सहावा धडा पालकांसमोर घ्यायचा. (पान राहिल्याचं मोठ्या बाईंना कसं कळलं विचारू नकोस, त्यांच्या नातीच्या वहीत सगळं असतं.) तो नीट झाला तर विषय शाईने लिहायचा, नाहीतर तास सुलेखनाचा. एकूण सगळं उत्तम चाललं आहे. सहाव्या धड्यात असं काय आहे? एक वर्तुळ, ते मोठं होत जातं. मी घेईन. तू उगाच दगदग करू नकोस, तुझ्या पाळ्या सांभाळ आणि झोप काढ. भावोजींना काटकोनाची आठवण.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
कंपास

ता. क. मला ते जमणार नाही. काल आरशासमोर धडा घेऊन पाहिला. तिसऱ्या वाक्याला मी कपाटाला टेकलो, पाचव्याला पलंगावर बसलो, आणि बाळ बाहेर येण्याआधी पाणी मागितलं. शनिवारी तू ये. नव्या आयांना शिकवायला तुमच्याकडे ती कापडी बाहुली असते तीही आण.

ता. ता. क. तू येणार असं मी सभेतच सांगून टाकलंय. सुलेखन सरांनी फाटकावर पाटी लावली आहे, तुझं नाव तीन शाईंत, आणि त्याखाली वेलबुट्टी. ती पुसायला सांगायची कोणाची छाती नाही. रजेचं तू बघ.

आणखी एक. सभा सुटल्यावर व्हरांड्यात पणसर उभी होती, आईला न्यायला आली असावी, खिडकीतून सभाही ऐकली असावी. खांदे तसेच पाडलेले. मी पुढे गेलो तर मागून आवाज आला, "पण सर, तुमची ताई खरंच सगळं सांगते?" मी म्हटलं, सगळं. ती म्हणाली, "चादर मी आणू?" ताई, तिचा प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिला हात धुवायला सांगायचं विसरलो. हो म्हटलंय मी तिला. आता तू बघ.

शेवटचं. गृहपाठासाठी पोरांनी अख्खं गाव विचारून काढलं, मी मात्र माझ्याच घरातला एक बिंदू सोडला. तू मला सांगितलंस, पण तुला कोणी सांगितलं होतं गं? आईने तर सांगितलं नसणार. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही. उत्तर 'कोणीच नाही' असं असलं तरी एका वाक्यात उरकू नकोस, सविस्तर सांग. शनिवारी, तास झाल्यावर. चादरीचं दुसरं टोक मी धरेन.